अक्षरी आठ आणे

रिक्षावाल्याला मी अजून सांगतो,
मगदूमांच्या निळ्या 'ह'पाशी वळव.
पोरगं आरशातून माझ्याकडं बघतं.
काका, लोकेशन टाका की.

गणपती पेठेत होता तो 'ह',
माझ्या कमरेइतका उंच,
पोटात पिवळा, डाव्या अंगाला काळी सावली.
त्याच्यामागं बाकीचं सगळं बारक्या अंगाचं:
हळद गूळ शेंग
मगदूम आणि मंडळी, अडत दुकान.
साडेनऊला समोरच्या वखारीच्या पत्र्यावरनं
ऊन उसळी मारून त्याच्यावर पडायचं
आणि हमाल ओरडायचे,
'ह' पेटला रे, चहा सांगा.

तेव्हा सांगली वाचता यायची.
कोण कुणाच्या हातचं, लांबनंच कळायचं.
हरभट रोडवर बाबालाल उस्ताद,
त्यांच्या वेलांटीला किंचित मिशी.
मारुती रोडची तिरकी अक्षरं मिरजेच्या एकाची,
त्याला सगळं पळतंच लागायचं.
टॉकीजवर दर शुक्रवारी नवा लाल
जुन्या लालाच्या डोक्यावर.
गावातलं स्टेशन बंद पडलं, रूळ गेले,
भिंतीवर 'येथे थुंकू नये' तेवढं ठणठणीत,
आणि लोक तिथंच थुंकायचे.

उस्ताद खारीच्या केसांचा ब्रश कानामागं खोवायचे.
खडूच्या दोरीचं एक टोक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं.
टण्ण.
पांढरी रेघ उमटायची,
मग अख्खी पेठ तिला लोंबकळायची
वटवाघळांसारखी.
म्हणायचे, रेघ सरळ असली
की बुडीत दुकानसुद्धा चार वर्षं जास्त चालतं.

मजुरी अक्षरी आठ आणे.
नेमगोंडा मगदूम हिशेबाला बसले की आम्हाला घाम.
काना-मात्रा धरायची नाही.
'दू'चा ऊकार त्याच्याच पोटात.
'मंडळी'वरचा अनुस्वार तर काय, माशी बसली म्हणू.
शेवटी म्हणाले, 'आणि' काढ, रुपया वाचतोय.
उस्ताद म्हणाले,
शेठ, मग मंडळी एकटी पडंल.
शेठ पानासकट हसले.
'आणि' राहिला.

खोटं कशाला बोलू,
शहर तेव्हाही काही देखणं नव्हतं.
उघडी गटारं, बैलांचं शेण,
हळदीच्या धुळीनं शिंकसुद्धा पिवळी.
मी फक्त मान वर करून चालायचो.

आता बोर्ड रात्रीत चढतात,
वाढदिवस झाला की उतरतात.
त्यावर दात दाखवणारी माणसं जास्त, अक्षरं कमी,
आणि आहेत तीही एकाच मशीनची भावंडं,
कुणाच्या हाताची थरथर नाही त्यांना.
माझ्या हाताला आता थरथरीशिवाय काही नाही,
म्हणजे त्यांचंही बरोबरच असेल.

मोठा पूर ओसरला तेव्हा
मगदूमांच्या नातवानं फोन केला.
भिजक्या पोत्यांखाली मागच्या खोलीत
सापडला होता पत्रा.
त्यानं पाइप लावून धुतला.
आधी 'ह' आला, गाळातनं, निळा.
मग 'ळ'.
तो जरा दाटीवाटीनं बसलेला.
माझाच होता तो.
अठरा वर्षांचा होतो, सुरुवातच ऐसपैस केली
आणि पुढं जागा पुरेना.
उस्तादांनी बोटांवर पट्टी मारली होती,
पुसू मात्र दिला नव्हता.
असू दे, म्हणाले, पेठेत जागा कुणाला पुरते.

नातू म्हणाला, नेता का घरी?
शामरावनगरात माझी एक खोली,
दार पत्र्याहून अरुंद.
नको, म्हणालो.
पोरगा भला होता, चहा पाजला.

भंगारवाल्यानं काट्यावर टाकला.
एकोणीस किलो, चिखलाचे दोन वजा.
तो कॅल्क्युलेटर दाबत होता,
मी बाजूला उभा राहून मोजत होतो,
ऊकार न धरता,
माशी न धरता,
'आणि' धरून
बावीस.